हक्कसोड नव्हे

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कोणाचं, असं कुणी विचारलं तर मी बाईंचं नाव घेतो. नाव म्हणजे तेवढंच, बाई. आमच्या परांड्याच्या शाळेत शिकवणाऱ्या सगळ्या स्त्रियांना आम्ही बाई म्हणायचो. दुसरा शब्द मला माहीतच नव्हता. त्यामुळे लखनौच्या प्रयोगशाळेत रुजू झालो त्या पहिल्याच आठवड्यात, व्हरांड्यातून लगबगीनं चाललेल्या एका मराठी शास्त्रज्ञ स्त्रीला मी मागून मोठ्यानं हाक मारली, "बाई! बाई, जरा थांबता का?"

थांबल्या त्या, पण त्यांच्याबरोबर सगळा व्हरांडाच थांबला. स्टोअरकीपरनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. "अमाँ, ये क्या कह दिया? यहाँ बाई या तो बर्तन माँजती है, या कोठे पर गाती है. मैडम कहो, मैडम!"

माझे कान तापले. बाई मात्र हसत होत्या. "त्यांना मॅडम म्हणू दे," त्या म्हणाल्या. "तू बाईच म्हण. फार दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं."

माझ्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. वडील पिठाच्या गिरणीत कामाला होते. बी.एस्सी. झाल्यावर अर्ज टाकत राहिलो आणि केंद्र सरकारच्या या प्रयोगशाळेत तांत्रिक सहायकाची जागा मिळाली. लखनौ नकाशात कुठे आहे हे वडिलांनी मला दोनदा विचारलं होतं. सरोजिनी नगरला हवाई दलातल्या एका मराठी कुटुंबाच्या घरामागची खोली मला मिळाली. तिथून कानपूर रोडवर टेम्पो, म्हणजे तिकडची शेअर रिक्षा, पकडायचा, आलमबागला तो बदलायचा आणि प्रयोगशाळेत जायचं. विमानतळ जवळ असल्यामुळे सकाळी अमौसीकडून विमान डोक्यावरून गेलं की मी निघायचो. विमानाला उशीर झाला की मलाही व्हायचा, आणि ते कारण ऑफिसात कुणाला पटायचं नाही.

काम काय होतं, तर हात घालून बसायचं. प्रयोगशाळेत जाळीचे पिंजरे होते आणि त्यांत रोगराई नसलेले, तिथेच वाढवलेले उपाशी डास सोडलेले असत. पिंजऱ्याला कापडी बाही शिवलेली. एका हाताला डास पळवणारं मलम लावायचं, दुसरा कोरा ठेवायचा, आणि दोन्ही हात दोन पिंजऱ्यांत घालून मलमाच्या हातावर पहिला डास कधी चावतो ते पाहायचं. कोऱ्या हाताचं काय व्हायचं ते सांगायला नको. बाई येऊन त्यावर बर्फ लावायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्या आईला कळलं तर ती मला याच पिंजऱ्यात घालेल."

मलम म्हणजे एका सुगंधी गवताचं तेल. ते तेल हवेत लगेच उडून जातं, म्हणून ते मेणात मुरवायचं ही आमच्या विभागप्रमुखांची कल्पना. चांगली होती. पण लखनौचा मे वेगळा आणि जुलै वेगळा. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात मेण टिकायचं. जुलैत अंगाला घामाच्या धारा लागल्या की मेण घामावर तरंगून निघून जायचं आणि डास पुन्हा मालक व्हायचे. बाईंनी मेण सोडलं आणि बाभळीचा डिंक घेतला. त्यात काय काय मिसळलं, किती पातळ केलं, हे त्यांनी एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा लावून ठरवलं. घाम आला तरी डिंकाचा पातळ पापुद्रा हाताला धरून राहायचा. दोन्ही हात माझेच होते, त्यामुळे याचा साक्षीदार मी आहे.

रविवारी त्या मला आलमबागच्या रेल्वे कॉलनीत घरी बोलवायच्या. त्यांचे यजमान रेल्वेत इंजिनिअर होते. पोहे झाले की टेबल पुसून बाई एखादं अमेरिकन पेटंट माझ्यापुढे टाकायच्या. माझं इंग्रजी पुस्तकी. बोलायची वेळ आली की घशात अडकायचं.

"वाच. पेटंटमध्ये शेवटी दावे असतात. दावा म्हणजे आपलं कुंपण. आणि प्रत्येक दावा एकाच वाक्यात लिहायचा अशी रीत आहे, मग ते वाक्य पान भरून जाऊ दे. पूर्णविराम एकदाच. मधे श्वास कुठे घ्यायचा ते तुझं तू शोध."

मी वाचायचो, अडखळायचो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. त्यांचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. त्याला मराठी सगळं कळायचं पण बोलायचा हिंदीत. "मम्मी, छोड़ दो भैया को, साँस फूल रही है इनकी," तो म्हणायचा.

"तू अपना देख," बाई म्हणायच्या. "याला येणार आहे."

याला येणार आहे. आमच्या घरात माझ्याबद्दल असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायचं नाही म्हणून नव्हे. काय येणार आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

अमेरिकेत अर्ज करायची वेळ आली तेव्हा विभागप्रमुखांचं म्हणणं पडलं की मेण आणि डिंक, दोन्ही एकाच अर्जात घालावं. त्यावर पहिलं नाव त्यांचं असणार होतं आणि बाईंचं तिसरं, जसं आजवर प्रत्येक कागदावर असायचं. बाई त्यांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं म्हणून मला ऐकू आलं.

"सर, मेण तुमचं आहे. त्यात माझं तिसरं नाव मला चालेल. डिंक माझा आहे. त्याचा वेगळा अर्ज जाईल, आणि त्यावर माझं एकटीचं नाव जाईल."

हे त्या इंग्रजीत म्हणाल्या, पण मला ते मराठीतच आठवतं. शेवटी प्रमुख कबूल झाले, पण दोन्ही अर्ज एकाच दिवशी जावेत, कुणाचाही आधी जाऊ नये, अशी अट त्यांनी घातली. दोन्ही एकाच लिफाफ्यातून गेले. दोन्हींची मालक आमची संस्था. सरकारी नोकरीतल्या संशोधनाची मालकी संस्थेकडे जाते, संशोधकाचं राहतं ते नाव. बाईंच्या सगळ्या नोकरीत त्यांचं एकटीचं नाव असलेला तो एवढा एकच कागद होता.

त्यानंतर बाई निवृत्त झाल्या आणि यजमानांबरोबर मिरजेला राहायला गेल्या. जाण्याआधी त्यांनी मला खात्याच्या परीक्षेला बसवलं, पिंजऱ्यातून बाहेर काढलं आणि पेटंट सेलमध्ये बसवून दिलं. "माझा अर्ज आता तुझ्या टेबलावर आहे," चारबागच्या फलाटावर त्या म्हणाल्या. गाडी हलली तेव्हा बाकीच्यांनी हात हलवले. मी उभाच राहिलो.

मेणाचं पेटंट लवकर मंजूर झालं. प्रमुखांच्या खोलीत फ्रेम लागली. डिंकाचा अर्ज मात्र मागे पडला, आणि मग एके दिवशी अमेरिकन परीक्षकाचं पत्र आलं. दावे नामंजूर. कारण, डबल पेटंटिंग.

सेलचे साहेब लखनौचेच. माणूस सज्जन, पण फाईल उघडी राहिली की त्यांना अस्वस्थ व्हायचं. कागद वाचण्याआधी ते चष्मा पुसायचे, आणि जितकी वाईट बातमी तितका जास्त वेळ पुसायचे. त्या दिवशी बराच वेळ पुसला.

"डबल पेटंटिंग. मतलब चोरी?"

"नहीं सर. मतलब मालिक एक, चीज़ लगभग एक, और पेटंट दो."

"यानी अमरीका कह रहा है कि एक ही दूध पर दो बार मलाई नहीं जमने देंगे."

"हाँ सर, कुछ ऐसा ही."

"तो ठीक ही कह रहा है. फाइल बंद करो. एक तो मिल ही गया है."

त्या काळी अमेरिकेत पेटंटची मुदत मंजुरीच्या दिवसापासून सतरा वर्षं मोजत. एकाच दिवशी गेलेल्या दोन अर्जांपैकी एक आधी मंजूर झाला आणि एक उशिरा, तर उशिराचं पेटंट तेवढंच पुढे जगणार. परीक्षकाचं म्हणणं असं की, डिंकाचं मलम हा मेणाच्या मलमाचाच थोडा बदललेला प्रकार आहे, मग त्याच मालकाला त्याच गोष्टीवर जास्तीची वर्षं का द्यायची? म्हणणं वेडगळ नव्हतं. तो कुणालाही चोर म्हणत नव्हता. पण ऑफिसात 'डबल' एवढाच शब्द फिरला, आणि दुपारपर्यंत कँटीनमध्ये कुणीतरी मला विचारलं, "सुना है मैडम ने एक ही माल दो बार बेच दिया?"

आमच्या वतीनं तिकडे काम पाहणाऱ्या अमेरिकन वकिलाचं पत्रही सोबत होतं. त्यानं रस्ते सांगितले होते. एक, भांडायचं. मेण माहीत असलेल्या कुणालाही डिंक सहज सुचला नसता हे प्रयोगांनी आणि प्रतिज्ञापत्रांनी सिद्ध करायचं. ती प्रतिज्ञापत्रं कुणी द्यायची? डिंक आपल्याला सुचला नसता असं आमचे प्रमुख लिहून देतील, ही आशा मला नव्हती. दुसरा रस्ता, अर्ज सोडून द्यायचा. तिसरा, टर्मिनल डिस्क्लेमर नावाचं एक निवेदन दाखल करायचं. वकिलाचा सल्ला या तिसऱ्याचा होता.

"टर्मिनल?" साहेब म्हणाले. "ये तो डॉक्टर तब बोलते हैं जब मरीज़ को घर ले जाना हो."

"सर, इसमें पेटंट नहीं मरता. सिर्फ़ पूँछ कटती है. दोनों पेटंट एक ही दिन ख़त्म होंगे."

त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. "देखो मराठे," ते मला याच नावानं हाक मारत, "मैडम रिटायर हो गईं, नाराज़ भी रहती हैं. उनकी रज़ामंदी के बिना मैं दिल्ली को कुछ नहीं भेजूँगा. वो हाँ लिख दें तो भेज देंगे. ना लिखें, या कुछ न लिखें, तो छोड़ देंगे."

कायद्याला ही संमती लागत नव्हती, साहेबांना लागत होती. पण कागद त्यांच्याच सहीनं पुढे जाणार होता. दिल्लीचं मुख्य कार्यालय उत्तराची वाट पाहत होतं, आणि उत्तर दिलं नाही तर अर्ज आपोआप मेला असता. बाईंचं एकटीचं नाव असलेला तो एकच कागद.

मी त्याच दुपारी बाईंना पत्र लिहायला घेतलं. इंग्रजीत लिहिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण बाईंना मी कधी इंग्रजीत लिहिलं नव्हतं, आणि मला वाटलं, हे मराठीत नीट सांगता आलं पाहिजे. टर्मिनल डिस्क्लेमरला मराठीत काय म्हणायचं? आमच्या परांड्याला तहसील कचेरीबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन अर्जनवीस बसतात. लहानपणी मी गिरणीतून वडिलांचा निरोप घेऊन तिकडे जायचो, तेव्हा तिथल्या कागदांवरचे मथळे वाचत बसायचो. खरेदीखत, गहाणखत, मृत्युपत्र. आणि हक्कसोडपत्र. शब्द आठवला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठलो. हक्क सोडायचं पत्र! याहून नेमकं काय असणार? मी लिहिलं, "बाई, आपल्याला फक्त एक छोटंसं हक्कसोडपत्र द्यावं लागेल. तुमची संमती असल्याचं दोन ओळींत कळवावं."

उत्तर पोस्टकार्डावर आलं. बाईंचं अक्षर नेहमी मोठं असायचं, पण यावेळी कार्ड अर्धंही भरलं नव्हतं.

"हक्कसोड मी एकदा केली आहे. दुसऱ्यांदा करणार नाही. अर्ज सोडून द्या असं तुझ्या साहेबांना सांग. प्रकृतीला जप."

साहेबांनी कार्ड मागितलं. मजकूर त्यांना वाचता येईना, म्हणून मी हिंदीत सांगितला.

"लो," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. "मैडम ख़ुद कह रही हैं."

"सर, ग़लती मेरे लफ़्ज़ की है. मुझे थोड़ा वक़्त दीजिए."

"किस लफ़्ज़ की?"

मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांना एवढंच कळलं की मराठीत काहीतरी गडबड झाली आहे. "ज़िद पकड़ ली है?"

"जी सर."

"अगले हफ़्ते दिल्ली की डाक जाएगी. तब तक. उसके बाद न तुम जानो न मैं."

रविवारी सकाळी मी आलमबागला गेलो, बस अड्ड्यासमोरच्या एस.टी.डी. बूथवर. काचेची अरुंद खोली, समोर लाल आकड्यांचा मीटर, बाहेर रांग.

"बाई, मी लखनौहून बोलतोय!"

"कळलं. ओरडू नकोस. मी मिरजेत आहे, चंद्रावर नाही."

"बाई, ते पत्र..."

"ते पत्र वाचलं मी. हक्कसोड म्हणजे काय ते तुला माहीत आहे का रे? तू अर्जनवीसाच्या टेबलावर मथळा पाहिलास. मी सही केली आहे. वडील गेले, तेराव्याची जेवणं उरकली, पानं उचलायच्या आत भावानं कागद पुढे केला. पेनाचं टोपणसुद्धा त्यानंच काढून दिलं. म्हणाला, ताई, नुसती रीत आहे. मी सरकारी शास्त्रज्ञ. घरात सगळ्यात जास्त शिकलेली. न वाचता सही केली, कारण वाचत बसले तर वाईट दिसेल. त्या घरी आता मी जाते ती पाहुणी म्हणून. चहा विचारून देतात."

बाहेरच्या माणसानं काचेवर नाण्यानं टकटक केली.

"बाई, हे तसं नाही."

"मग तो शब्द का लिहिलास?"

"चुकलो."

"आणि दुसरं सांग. हे लिहून दिलं म्हणजे डिंक म्हणजे मेणच, असं मी कबूल करते ना? आयुष्यभर त्यांच्या नावामागे तिसरी उभी राहिले. आता माझा एकटीचा कागदही त्यांच्या दावणीला बांधायचा?"

"नाही बाई, तसं कबूल होत नाही, वकिलानं..."

"फोनवर नको. तुझे पैसे चाललेत. लिही. आणि दावा लिहितात तसं लिही, एका वाक्यात. एका वाक्यात मावत नसेल तर ते तुला कळलेलं नाही. आणि तुलाच कळलेलं नसेल तर मी हो कशाला म्हणू?"

फोन ठेवून बाहेर आलो तर टकटक करणारा माणूस म्हणाला, "भैया, घर में सब ख़ैरियत?" मी हो म्हटलं. माझा चेहरा तसा दिसत असावा.

आधी मला वाटलं, शब्द बदलला की झालं. दावात्याग लिहून पाहिलं, ते तर संन्यास घेतल्यासारखं दिसलं. मुदतकपात लिहिलं, तर पगार कापल्यासारखं. मग मी उदाहरणांच्या मागे लागलो. दोन्ही पेटंटं एकाच मालकाकडे राहिली पाहिजेत, अशी त्या निवेदनात एक अट असते. म्हणून लिहिलं, एकत्र कुटुंबासारखं. खोडलं. ज्या बाईला कुटुंबानं चहा विचारून द्यायला सुरुवात केली तिला एकत्र कुटुंबाचं उदाहरण? मग लिहिलं, रेल्वेच्या पासवर सोबत्याला प्रवास करता येतो, पण पासधारक बरोबर असेल तोवरच, तसं. बाईंचे यजमान रेल्वेतले, त्यांना लगेच समजलं असतं. पण समजून काय झालं असतं? त्यांना सोबती व्हायचं नव्हतं. तेही खोडलं. प्रत्येक उदाहरणात कुणाचं तरी घर निघायचं आणि त्या घरात कुणीतरी दुसऱ्याच्या मागे उभं असायचं. ठरवलं, उदाहरणच द्यायचं नाही. जे आहे ते लिहायचं.

पण जे आहे ते म्हणजे काय, हे पाहण्यासाठी मी वकिलानं पाठवलेला निवेदनाचा नमुना पहिल्यापासून वाचायला घेतला. आलमबागच्या टेबलावर वाचायचो तसा, मोठ्यानं, श्वास कुठे घ्यायचा ते शोधत. सेलमधला टायपिस्ट वैतागून बाहेर गेला. वाक्याचा कर्ता कोण? पहिल्याच ओळीत होता, आणि मी तो इतके दिवस ओलांडून पुढे जात होतो. मालक. अमुक अर्जाचा मालक असे निवेदन करतो की. खाली सही मालकाची, किंवा त्याच्या वकिलाची. संशोधकाच्या सहीला त्या कागदावर जागाच नव्हती.

म्हणजे मी फक्त शब्दच चुकीचा लिहिला नव्हता, माणूसही चुकीचा उभा केला होता. सोडणारी संस्था होती. बाईंना मी विनाकारण पुन्हा त्या पंगतीत नेऊन बसवलं होतं आणि पेनाचं टोपण काढून दिलं होतं.

मग पुढचा प्रश्न विचारला. सोडते, तर कुणासाठी? हक्कसोडीत बहिणीनं सोडलेलं भावाकडे जातं. इथे सोडलेली वर्षं कुणाकडे जातात? मेणाच्या पेटंटकडे जात नाहीत, ते तर त्याच दिवशी संपणार. प्रमुखांकडे जात नाहीत. परीक्षकाकडेही नाहीत. मी नमुना उलटसुलट पाहिला, वकिलाचं पत्र पुन्हा वाचलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की याचं उत्तर लिहायची कुणाला गरजच वाटली नव्हती, इतकं ते उघड होतं. त्या दिवसापासून मलम कुणीही करावं.

वकिलाच्या पत्रात शेवटी आणखी एक ओळ होती. निवेदन दाखल केल्यानं परीक्षकाचं म्हणणं मान्य केलं असं न्यायालयं धरत नाहीत. पहिल्या पत्रात ही ओळ मी गाळली होती, मला ती वकिली शेपूट वाटली होती. बाईंचा दुसरा प्रश्न नेमका तोच होता.

तेव्हा वाक्य बसलं. मी ते स्वच्छ लिहून काढलं, कार्बन घालून, आणि टपालपेटीत न टाकता मोठ्या पोस्टात जाऊन स्पीड पोस्टानं पाठवलं.

दिल्लीची डाक निघायच्या आदल्या दिवशी तार आली. साहेबांनी ती माझ्याकडून वाचून घेतली. "वाक्य बरोबर. पुढे जा."

"ये रज़ामंदी है?" त्यांनी विचारलं.

"है सर."

"इतनी छोटी?"

"वो ऐसे ही बोलती हैं, सर."

त्यांनी तार फाईलला लावली आणि चष्मा न पुसता सही केली.

निवेदन गेलं, नामंजुरी मागे घेतली गेली, पेटंट आलं. पहिल्या पानावर संशोधक म्हणून एकच नाव होतं. प्रत मी मिरजेला रजिस्टर्ड पाठवली. बाईंनी ती फ्रेम केली नाही, असं त्यांच्या मुलानं मला पुढे सांगितलं. कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. पेटंट जिवंत ठेवायला मधून मधून फी भरावी लागते, आणि दर वेळी ऑफिसात कुणीतरी विचारायचं की ही कशाला भरायची. दर वेळी मी उठून टिपण लिहायचो. साहेब बदलले, मीही खात्यात वर गेलो, पण ते टिपण मी दुसऱ्या कुणाला लिहू दिलं नाही. ठरल्याप्रमाणे दोन्ही पेटंटं एकाच दिवशी संपली. त्या दिवशी मी मिरजेला फोन केला. बाईंना आता कमी ऐकू यायचं, त्यामुळे खरंच ओरडावं लागलं.

"संपलं का?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. आता कुणीही लावावं."

त्या पत्राची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. निळी अक्षरं फिकट झाली आहेत, पण वाचता येतात.

*

लखनौ, मंगळवार

ती. बाईंना साष्टांग नमस्कार.

आधीच्या पत्रातला शब्द कृपा करून पुसून टाका. तो माझ्या गावचा होता आणि या कामाचा नव्हता. तुम्ही सांगितलंत तसं एका वाक्यात लिहितो.

तुमच्या डिंकाच्या अर्जावर पेटंट मिळावं म्हणून त्या अर्जाची मालक असलेली आपली संस्था, तुम्ही नव्हे, असं लिहून देते की या पेटंटची जेवढी मुदत मेणाच्या पेटंटच्या अखेरीनंतर उरेल तेवढी, आणि फक्त तेवढीच, ती सोडत आहे, आणि दोन्ही पेटंटं एकाच मालकाकडे असतील तोवरच डिंकाचं पेटंट चालवता येईल हेही ती मान्य करते, परंतु यामुळे डिंक म्हणजे मेणच असं कुणी कबूल केलं असा अर्थ न्यायालयं काढत नाहीत, पहिल्या पानावर संशोधक म्हणून तुमचं एकटीचं नाव राहतं, त्या निवेदनावर तुमच्या सहीला जागाच नाही, आणि सोडलेली ती शेवटची वर्षं कुणा भावाला मिळत नाहीत तर ज्याला ज्याला डास चावतात त्या प्रत्येकाला मिळतात.

पूर्णविराम एकदाच आला आहे. श्वास तीन ठिकाणी घ्यावा लागला.

पटलं तर कळवा. पटलं नाही तर पुन्हा लिहीन, पण अर्ज सोडून देणार नाही.

डावा हात मलमाचा, उजवा कोरा,
तुमचा विद्यार्थी